तिसऱ्या गल्लीतला अर्धा ‘र’

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता सांगायचा म्हणजे गल्लीचा क्रमांक सांगायचा. बोलताना त्यात काही अडत नाही. अडते ते लिहिताना, आणि तेही नेमके दोन गल्ल्यांपाशी. दुकान पहिल्या, चौथ्या, आठव्या किंवा बाराव्या गल्लीत असेल तर फलक बिनचूक निघतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गल्लीत असेल, तर ‘दुसर्या’, ‘तिसर्या’ असे डोक्यावर रफार चढलेले शब्द फ्लेक्सवर, लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर सर्रास दिसतात. वाचणाऱ्याला अर्थ लागतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही, आणि चूक पुढच्या फ्लेक्सवर तशीच उतरते.

डीटीपी करणारे, पत्रिका छापणारे, गणेश मंडळांचे फलक आणि अहवाल तयार करणारे, पतसंस्थांच्या सभासद-याद्या सांभाळणारे, शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांत टाइप करणारे अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. यातला तांत्रिक भाग थोडा आहे आणि तो समजायला संगणकाची पदवी लागत नाही.

आधी भाषेचे पाहू, कारण कोणती खूण हवी हे ठरले नाही तर कळफलक शिकून उपयोग नाही. मराठीत ‘य’ आणि ‘ह’ यांच्या आधी येणारा पायमोडका ‘र’ दोन तऱ्हांनी लिहितात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तिथे ‘द’वर आघात येतो आणि र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. तिथे ‘द’ हलकाच राहतो आणि र आडव्या वळलेल्या छोट्या रेघेने ‘य’ला चिकटतो; हाच अर्धा र. वृत्तात मोजायला बसलात तर पहिल्या शब्दातला ‘द’ गुरू, दुसऱ्यातला लघू. म्हणजे हा निव्वळ वळणाचा फरक नाही. मंडळाच्या जमाखर्चात ‘आचार्यांचे मानधन’ असे छापले, तर महाप्रसाद रांधणाऱ्याचे पैसे कीर्तनकाराला दिल्यासारखे वाटते. हवे होते ‘आचाऱ्यांचे’.

ओळखायची खूण सोपी आहे. शब्दाचे मूळ रूप आठवा. त्यात ‘र’ पूर्ण असेल (तिसरा, वारा, दरी, शेतकरी, व्यापारी, आचारी) तर विभक्ती लागल्यावर किंवा अनेकवचन होताना अर्धा र येतो: तिसऱ्या, वाऱ्याने, दऱ्या, शेतकऱ्यांना, व्यापाऱ्यांची, आचाऱ्यांना. मुळातच ‘र्य’ असेल (आचार्य, सूर्य, कार्य, धैर्य) तर रफार कायम राहतो. ‘ह’च्या बाबतीत कुऱ्हाड, वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, गोऱ्हे हे अर्ध्या र चे शब्द, नोकरीच्या जाहिरातीतली शैक्षणिक ‘अर्हता’ मात्र रफाराची. अर्धा र शब्दाच्या सुरुवातीला आला तर रफाराचा प्रश्नच नाही: ऱ्हास, ऱ्हस्व. अलीकडे उलटी चूकही पाहायला मिळते. अर्धा र टाइप करायला शिकलेले काही जण उत्साहाने ‘प्राचाऱ्यांना’ असा अर्ज लिहितात. प्राचार्यांना ते आवडणार नाही.

आता संगणकाकडे. संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ‘र’चा सांकेतांक ०९३०, ‘ल’चा ०९३२, ‘ळ’चा ०९३३. मधला ०९३१ आहे ‘ऱ’चा, म्हणजे खाली टिंब असलेल्या र चा. हे अक्षर मराठीत पूर्ण स्वरूपात आपण कधीच लिहीत नाही, त्यामुळे पुष्कळांना ते परके वाटते आणि त्याची कळ ते दाबतच नाहीत. खरे तर आपला अर्धा र याच अक्षराच्या पोटी आहे. ऱ टाइप करा, त्याचा पाय मोडा, पुढे य किंवा ह द्या. टिंब नाहीसे होते आणि वळलेली रेघ उमटते.

हे अक्षर तिथे आले कसे, याची हकिकत कोल्हापूरकरांना आवडेल, कारण तिचा एक धागा शेजारच्या कन्नडशी जुळतो. १९९१ साली भारतीय मानक आयएस १३१९४, म्हणजेच ‘इस्की’, प्रसिद्ध झाले. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच तक्ता पुरावा अशी त्याची रचना होती. दक्षिणेतल्या भाषांतल्या कठोर र ला त्यात एक घर दिले गेले, आणि तक्ता सामाईक असल्यामुळे देवनागरीतही ते घर तयार झाले. युनिकोडने इस्कीच्या आधीच्या, १९८८ सालच्या आवृत्तीतून हाच क्रम उचलला. म्हणून देवनागरी, तेलुगू, कन्नड, तमिळ, मल्याळम या प्रत्येक लिपीच्या विभागात सुरुवातीपासून मोजत गेलात तर हा कठोर र त्याच ठिकाणी सापडतो. आधुनिक कन्नडने तो टाकून दिला. तमिळ आणि मल्याळममध्ये तो रोजचा आहे. देवनागरीत त्याच्या पूर्ण रूपाला फारसे काम नव्हते, पण त्याचे अर्धे रूप मराठीच्या अर्ध्या र साठी वापरायचे असे इस्कीने ठरवले आणि युनिकोडने ते मान्य केले.

गोंधळ सुरू होतो तो एका दुसऱ्या वाटेमुळे. १९९६ साली आलेल्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत अर्धा र मिळवायची वेगळी रीत होती: साधा र, त्याचा मोडलेला पाय, मग एक अदृश्य जोडचिन्ह, आणि पुढे य. या जोडचिन्हाचा सांकेतांक २००डी. ते पडद्यावर दिसत नाही, छापूनही येत नाही. ‘इथे रफार करू नकोस, अर्धे रूप दाखव’ एवढेच ते फॉन्टला सांगते. जुन्या मजकुरासाठी ही रीत आजही मान्य आहे. नेपाळी लिहिणारे तीच सर्रास वापरतात, म्हणून तिला चूक म्हणता येत नाही. पण परिणाम असा की एकच दिसणारा ‘तिसऱ्या’ दोन प्रकारे साठवला जातो. ‘ऱ’ वापरून लिहिला तर त्यात सात सांकेतांक भरतात, जोडचिन्हाने लिहिला तर आठ. डोळ्यांना फरक शून्य. यादी जुळवणाऱ्या किंवा शोध घेणाऱ्या प्रणालीला मात्र हे दोन वेगळे शब्द वाटू शकतात, आणि मग सभासदाचे नाव यादीत असूनही सापडत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: मराठीसाठी नेहमी ०९३१ चा ऱ वापरा. कारण तत्त्वाचे नसून रोजच्या अनुभवातले आहे. न दिसणारे चिन्ह कोणी सांभाळत नाही. एखादा ऑनलाइन अर्ज ‘नको असलेली चिन्हे’ गाळतो, एखादी प्रणाली मजकूर साफ करून साठवते, आणि जोडचिन्ह गळून पडते. ते पडताच उरतो साधा र, मोडलेला पाय आणि य, म्हणजेच रफार. गल्लोगल्ली दिसणाऱ्या ‘तिसर्या’पैकी कितीतरी असे जन्मलेले असतात. टाइप करणाऱ्याने बरोबर लिहिलेले असते, वाटेत ते बिघडते. ऱ वापरला तर वाटेत गळण्यासारखे काही नसतेच.

टाइप कसे करायचे

इन्स्क्रिप्ट कळफलकावर हे अगदी सोपे आहे. इंग्रजी ‘जे’च्या कळेवर र आहे, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ. ‘डी’ने पाय मोडतो. य तिरक्या रेघेच्या कळेवर, ह ‘यू’वर, काना ‘ई’वर. म्हणजे ‘तिसऱ्या’साठी क्रम असा: एल, एफ, एम, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. सात सांकेतांक, सात कळा. सापळा एकच आहे, तो म्हणजे शिफ्ट धरून चारचा आकडा. त्याने पाय मोडलेला साधा र मिळतो आणि पुढे य येताच रफार होतो. ती कळ ‘सूर्य’साठी ठेवा.

विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडले की हा कळफलक येतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. हिंदी कळफलकावर काम भागवू नका. कळा बहुतांशी त्याच असल्या तरी हिंदीत अर्धा र नाही, त्यामुळे हिंदीसाठी बसवलेल्या सूचना आणि शुद्धलेखन तपासनीस आपल्या ‘शेतकऱ्यांना’वर लाल रेघ मारतात आणि माणूस उगाच शंका घेऊ लागतो.

वर्डमध्ये आणखी एक सोय आहे. इंग्रजी अंकांत ०९३१ लिहा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. अंकांच्या जागी ऱ उमटेल. कळफलक कोणताही असो, ही युक्ती चालते. रेमिंग्टन धर्तीच्या कळफलकावर ज्यांचा हात बसला आहे त्यांनी तो बदलायची गरज नाही, फक्त आपली अर्ध्या र ची कळ नेमके काय टाकते ते खालच्या पद्धतीने एकदा तपासून घ्यावे.

मोबाइलवर मराठी कीबोर्ड निवडा आणि ‘र’वर बोट दाबून धरून ऱ मिळतो का पाहा. रोमन अक्षरांत लिहून मराठी मिळवणारे सूचनांमधून शब्द उचलतात. तिथे पहिली सूचना डोळे झाकून घेऊ नका. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फोनच्या वैयक्तिक शब्दसंग्रहात ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ आणि स्वतःचे आडनाव लघुरूप देऊन साठवणे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ही सोय आहे.

बॅकस्पेसची परीक्षा

आपल्या फाइलमध्ये कोणता र आहे हे कळायला कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. संगणकावर ‘तिसऱ्या’ शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकेक वेळा दाबत जा. आधी काना जाईल, मग य, मग मोडलेला पाय. आता खाली टिंब असलेला ऱ उरला, तर सगळे ठीक. एखाद्या वेळी बॅकस्पेस दाबूनही काहीच पुसल्यासारखे दिसले नाही, किंवा वळलेली रेघ नुसतीच पायमोडक्या र मध्ये बदलली आणि शेवटी बिनटिंबाचा र उरला, तर तिथे जोडचिन्ह होते. एक्सेलमध्ये अक्षरे मोजायचे ‘लेन’ हे सूत्र आहे. ‘तिसऱ्या’ला सात उत्तर आले तर मुक्काम योग्य ठिकाणी, आठ आले तर बहुधा जोडचिन्ह. मात्र रफार असलेला चुकीचा ‘तिसर्या’ही सातच भरतो, तेव्हा डोळे उघडे ठेवूनच मोजा.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जुन्या फाइली दुरुस्त करताना क्रम चुकवू नका. जोडचिन्हाने लिहिलेला अर्धा र ‘ऱ’मध्ये बदलणे यांत्रिक काम आहे: शोधा, बदला, संपले. मराठी मजकुरात पायमोडका र आणि जोडचिन्ह एकत्र आले की अर्धा रच अभिप्रेत असतो, म्हणून ‘सगळे बदला’ म्हणायला हरकत नाही. पण कोणी आधीच सारी जोडचिन्हे पुसून टाकली, तर दऱ्या आणि दर्या एकच होऊन बसतात. त्यानंतर संगणकाला त्यांतला फरक कळण्याचा काही मार्ग उरत नाही. माणसाने बसून शब्द न् शब्द वाचावा लागतो. म्हणून आधी बदला, मग साफ करा. आणि साफ करतानाही सरसकट हात चालवू नका: जोडाक्षर मुद्दाम सुटे दाखवायला तेच चिन्ह लागते, आणि व्हॉट्सॲपवरचे आई-बाप-मुलांचे कुटुंब दाखवणारे इमोजीदेखील त्याच २००डीने एकत्र बांधलेले असते.

वर्डमध्ये हे करायचे तर कोऱ्या पानावर र लिहून पाय मोडा, त्याला लागूनच इंग्रजीत २००डी लिहा आणि ऑल्ट-एक्स दाबा. तयार झालेला तुकडा ‘शोधा’च्या चौकटीत चिकटवा, ‘बदला’च्या चौकटीत पाय मोडलेला ऱ द्या. मूळ फाइलची प्रत काढून तिच्यावरच प्रयोग करा, हे सांगायला नको.

ज्या फाइलींत रफार आधीच घुसला आहे तिथे मात्र ‘सगळे बदला’ला हात लावू नका. ‘र्य’च्या जागी सरसकट ‘ऱ्य’ टाकलात तर कार्यालयाचे ‘काऱ्यालय’ होईल आणि गावातल्या एकूण एक सहकारी संस्था ‘मऱ्यादित’ होतील. शोधा, थांबा, वाचा, मग बदला. कार्य, पर्याय, मर्यादा, सूर्य, चर्या हे वगळायचे शब्द पहिल्या दोन-चार पानांतच पाठ होतात, त्यामुळे काम वाटते तेवढे रखडत नाही.

श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांतल्या फाइलींचे प्रकरण निराळे आहे. कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी नीट जुळत नसे, म्हणून डीटीपीवाल्यांचा हात वर्षानुवर्षे याच फॉन्टांवर बसला. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर चिकटवलेली असतात आणि अर्धा र ही एक स्वतंत्र छोटी आकृती असते. युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाला ती आकृती ओळखता आली नाही तर ती गळते किंवा तिचा रफार होतो. रूपांतर झाल्यावर सगळा मजकूर वाचायला वेळ नसेल तर निदान दुसऱ्या, तिसऱ्या, शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना, अधिकाऱ्यांना हे शब्द तपासा. ते बरोबर असतील तर बाकीचेही बहुधा असतील.

फॉन्टविषयी थोडेसे. ऱ आहे की नाही हा सांकेतांकाचा प्रश्न. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे हा फॉन्टचा आणि भाषेच्या सेटिंगचा. राज्याच्या मराठी भाषा विभागाने २०२२ साली पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितले, त्यासाठी ल आणि श चे सांकेतांक बदललेले नाहीत आणि बदलायचेही नाहीत. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू नका. मंगल, निर्मला, नोटो, मुक्ता हे फॉन्ट अर्धा र व्यवस्थित दाखवतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही वापरून पाहावा. फुलाफुलांचे, ब्रशने रंगवल्यासारखे फॉन्ट मात्र घेण्याआधी एक ओळ टाइप करून बघा: ‘आचार्यांनी आचाऱ्यांना तिसऱ्या गल्लीत कुऱ्हाड दिली.’ यात रफार, ऱ्य आणि ऱ्ह तिन्ही येतात. टिंब तसेच राहिले किंवा पाय मोडलेला दिसला, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही, कितीही देखणा असला तरी. इनडिझाइनमध्ये हे सगळे जुळण्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला असावा लागतो. तो नसेल तर दोष फॉन्टला देऊ नका.

संस्थेचे किंवा दुकानाचे संकेतस्थळ करून घेत असाल तर करणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. मजकूर साठवण्याआधी पायमोडका र आणि जोडचिन्ह यांचा ऱ करून घ्यावा, आणि मग युनिकोडच्या ‘एनएफसी’ रूपात तो आणावा. कोणी र लिहून वेगळा नुक्ता, म्हणजे खालचे टिंब (०९३सी), दिला असेल तर एनएफसी तो आपोआप ऱ मध्ये मिळवून घेते. जोडचिन्हाला मात्र ते हात लावत नाही, म्हणून पहिली पायरी वेगळी सांगावी लागते.

राहिला प्रश्न तुमच्या स्वतःच्या नावाचा. फ्लेक्स आठ दिवसांत उतरतो, पण आधार, शाळेचा दाखला, बँकेचे खाते, सातबारा यांवरचे नाव वर्षानुवर्षे तुमच्याबरोबर चालते. ज्यांच्या आडनावात किंवा गावाच्या नावात ऱ्ह अथवा ऱ्य आहे, त्या गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाडे मंडळींनी अर्ज भरताना नाव आपल्या फोनमध्ये साठवलेल्या बरोबर रूपावरूनच चिकटवावे, अर्ज पाठवण्याआधी पडद्यावरचे पूर्वदृश्य वाचावे, आणि हातात आलेल्या छापील पावतीवर रफार दिसला तर सही करण्याआधी तिथेच दुरुस्ती मागावी.